व्हॅक्युम क्लीनर दोन मिनिटांत बंद पडतो, दुरुस्त करू की नवा घेऊ? (घरात कापूस आहे)

आर्णीवाला

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका गावात राहतो. गावात या वस्तूबद्दल विचारावं असं कोणी नाही, म्हणून इथे टाकतो आहे.

घरी एक व्हॅक्युम क्लीनर आहे. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा, 1400 वॅटचा, खाली चाकं असलेला ड्रम. पुण्याच्या साळ्याने फ्लॅट बदलताना दिला. सात-आठ वर्षांचा नक्की असेल. गावात आणला तेव्हा शेजारचे काका म्हणाले होते, "झाडू पुरत नाही काय रे तुले?" पण आमच्याकडे तो चैनीचा नाही. भाव येईपर्यंत कापूस समोरच्या खोलीत भरून ठेवावा लागतो आणि मायला दमा आहे. ज्यांच्या घरात कापूस असतो त्यांना वेगळं सांगायला नको. झाडू मारला की तंतू उडतो, पंख्याच्या पात्यांवर, मच्छरदाणीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो. वरून अंगाला खाज ती वेगळीच. मशीन आल्यापासून मायचा खोकला बराच कमी झाला होता.

आता झालं असं की, लावला की दोन-तीन मिनिटं चालतो. आवाज नेहमीपेक्षा बारीक आणि चिरका येतो. मग जळका वास येतो आणि बंद. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप पुन्हा चालू होतो. मागच्या जाळीतून पाहिलं तर आत निळसर ठिणग्या दिसतात. ओढ म्हणाल तर सरकीचा दाणाही उचलत नाही.

तालुक्याला एका दुकानात नेला. त्याने चालू करून ऐकला, उघडला नाही. म्हणाला, मोटर गेली, 2400 लागतील, नागपूरहून मागवावी लागेल, त्यापेक्षा नवा घ्या. नवा त्याच्याचकडे 6500 ला. कंपनीच्या नंबरवर फोन केला तर म्हणे तुमच्या पिनकोडला माणूस येत नाही, मशीन अमरावतीला आणून द्या. एसटीने एवढा डबा घेऊन जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि परत आणायला पुन्हा एक.

2400 टाकावे का या जुन्या मशीनवर? की नवाच पाहावा? आणि हे व्होल्टेजमुळे झालं असेल का? संध्याकाळी आमच्याकडे 170 पर्यंत उतरतं, पंप बंद झाले की 250 च्या वर जातं.

दारव्हेकर

भाऊ, मोटर गेली म्हणणाऱ्याले पहिले इचारा, उघडून पाह्यली काय म्हणून. न उघडता निदान करणाऱ्याले 2400 कायले द्याचे?

मिक्सरवाला, हिंगणघाट

मिक्सर, ड्रिल, ग्राइंडर दुरुस्त करतो, व्हॅक्युमही येतात अधूनमधून. तुम्ही लक्षणं नीट लिहिली आहेत, त्यावरून बरंच कळतं.

पहिलं, आवाज. आवाज बारीक झाला म्हणजे मोटरवर ताण आला असं लोकांना वाटतं. असतं उलटं. हवा अडली की पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, मोटरवरचा भार कमी होतो आणि ती जास्त वेगाने पळते. म्हणून चिरका आवाज. कुठेतरी हवा तुंबली आहे. पाइप काढा, डब्याच्या तोंडावर तळहात धरून चालू करा. ओढ जोरात असेल तर पाइपात बोळा आहे. नसेल तर फिल्टर.

दुसरं, बंद पडून पुन्हा चालू होणं. आत उष्णतेवर चालणारा कटऑफ असतो. मोटर तापली की तोडतो, गार झाली की जोडतो. तो काम करतोय आणि मोटर पुन्हा फिरतेय, म्हणजे वायंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) पूर्ण जळालेलं नाही. जळालं असतं तर पाऊण तासाने काय, पाऊण महिन्यानेही फिरली नसती.

तिसरं, ठिणग्या. या मोटरमध्ये दोन कार्बन असतात, स्प्रिंगच्या जोरावर तांब्याच्या पट्ट्यांवर घासत राहतात. ते झिजतातच. थोड्या ठिणग्या नव्या मशीनलाही पडतात. पण गोल कडं पेटल्यासारखं दिसत असेल तर थांबा, चालवू नका.

आता काय करायचं. प्लग काढा, नुसतं बटन बंद करून भागत नाही. वरचं झाकण उघडा, मोटरच्या दोन्ही बाजूंचे कार्बन बाहेर काढा. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर जोडीने बदला, एकच कधी बदलू नका. मग तांब्याच्या पट्ट्या पाहा. एकसारख्या तपकिरी असतील तर मशीन अजून कामाचं. एखादी पट्टी काळी पडून खड्डा झाला असेल किंवा नख अडकेल अशी चर पडली असेल तर आर्मेचरचे, म्हणजे या पट्ट्या ज्यावर असतात त्या फिरत्या गाभ्याचे, दिवस भरत आलेत. शेवटी पंखा हाताने फिरवा आणि आडवा हलवून पाहा. खडखड किंवा ढिलाई वाटली तर बेअरिंग.

आणि एक. पाण्याच्या मोटरच्या वायंडिंगवाल्याकडे जाऊ नका. आपल्याकडे प्रत्येक बाजारात तो आहे, पण त्याची मोटर वेगळी, तिच्यात कार्बनच नसतो. मिक्सरवाल्याकडे जा. मिक्सरची आणि याची मोटर एकाच जातीची.

माझा हिशेब असा: कार्बन आणि फिल्टरमध्ये सातशे-आठशेच्या आत निपटत असेल तर डोळे झाकून करा. आर्मेचर गेलं असेल तर सात वर्षांच्या मशीनवर 2400 मी माझे घातले नसते. मधल्या वाटेने, याच मापाच्या बिनकंपनीच्या मोटरी मिळतात. व्यास, उंची आणि पंख्याचे थर जुळले की बसते. पण ती बसवणारा हात चांगला पाहिजे.

पुणे-अकोला

कॉर्डलेस घ्या ना, वायरची कटकट नाही, लोडशेडिंगमध्येही चालेल.

दारव्हेकर

बॅटरी गेली की अर्ध्या मशीनचे पैसे, आणि ते सांगायले पुन्हा पुणं गाठा.

निवृत्त लाईनमन

व्होल्टेजचं सांगतो. नियमाने 230 च्या वर-खाली सहा टक्के, म्हणजे 216 ते 244 मिळायला पाहिजे. खेड्यात ते कधी मिळतं हे तुम्हालाही माहीत आणि मलाही. पण 170 ने तुमचं मशीन बिघडलं नसावं. शेतातली मोटर कमी व्होल्टेजवर जास्त अँपिअर ओढते आणि जळते. ही कार्बनवाली मोटर कमी व्होल्टेजवर नुसती मंद फिरते. हिला त्रास वरच्या व्होल्टेजचा. पंप बंद झाल्यावर लगेच लावू नका.

त्यापेक्षा मला काळजी तुमच्या बोर्डाची वाटते. 1400 वॅट म्हणजे 230 वर सहा अँपिअरच्या जरा वर. टीव्हीच्या बारक्या सॉकेटमध्ये, तेही एक्स्टेन्शन लावून चालवत असाल तर जळका वास तिथूनही येऊ शकतो. मोठा पावर सॉकेट वापरा. पाच मिनिटं चालवून प्लगच्या पिना हाताला चटका देतात का ते पाहा, अर्थात काढल्यावर.

दर्यापूरची सून

मोटरचं मला कळत नाही, दम्याचं कळतं, आमच्या सासऱ्यांना आहे. ड्रमवाल्या मशीनमध्ये फिल्टर फाटका किंवा नीट न बसलेला असेल तर बारीक धूळ मागून बाहेर फेकली जाते. डोळ्यांना दिसत नाही, छातीला कळते. दुरुस्त करा नाहीतर नवा घ्या, मशीन चालू असताना आणि नंतर थोडा वेळ मायला खोलीत बसू देऊ नका. नवा घेणार असाल तर वॅटपेक्षा फिल्टर पाहा. एच-13 दर्जाचा हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर, असेल तर त्यातून 99.95 टक्के बारीक कण अडतात असं मानक आहे. नुसतं 'हेपा टाइप' लिहिलेलं असेल तर मी दोनदा विचार करते.

आणि कापसासाठी आमची युक्ती: फिल्टरवर जुन्या सुती लुगड्याचा विरळ तुकडा रबराने बांधायचा. तंतू त्यावर अडकतो, काढून झटकला की झालं. झटकायचं मात्र वाऱ्याच्या दिशेने, घरापासून लांब.

मिक्सरवाला, हिंगणघाट

वहिनींची युक्ती चांगली, फक्त कापड दाट नको, नाहीतर तेच हवा अडवेल. वॅटचंही बरोबर बोलल्या. वॅट म्हणजे मशीन किती वीज खाते, किती ओढते ते नाही. युरोपात 2017 पासून 900 वॅटच्या वरचे घरगुती व्हॅक्युम बाजारात आणायलाच मनाई आहे, तरी तिथली घरं स्वच्छ होतातच. दुकानदार मात्र 1600, 1800 सांगून विकतो.

वर्धा_ग्राहक

गॅरंटी संपली असली तरी सुटा भाग मागायला हरकत नाही. केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलंय. तुमची कंपनी त्यावर असेल तर सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळू शकते. भागाबद्दल टोलवाटोलवी झाली तर ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करा.

आर्णीवाला

सगळ्यांचे आभार. उघडला.

फिल्टरवर कापसाचा जो थर निघाला तो गादीवाल्याला विकता आला असता. बोटाने सोलला तर अख्खा निघाला, आत करड्या धुळीचा लेप. मिक्सरवाले भाऊ म्हणाले तसंच, हवा जायला जागाच नव्हती. पाइपात काही नव्हतं. एक कार्बन ठीक होता, दुसरा झिजून इतका आखूड झाला होता की स्प्रिंगच जवळजवळ टेकत होती. प्लगच्या पिनाही जरा काळ्या होत्या, म्हणजे लाईनमन काकांचाही नेम लागला.

दिग्रसला बाजाराच्या दिवशी एका मिक्सरवाल्याकडे नेला. त्याने कार्बनची जोडी बसवली, पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने साफ केल्या, 220 रुपये घेतले. फिल्टर ऑनलाइन 430 ला मिळाला. मोठा सॉकेट घरी होताच, तिथे हलवला. ओढ पहिल्यासारखी आली, वास नाही, बंद पडत नाही.

पण तो म्हणाला, एका पट्टीवर बारीक खड्डा आहे. सहा महिने चालेल किंवा दोन वर्षं, लिहून घेऊ नका. म्हणून मी ठरवलंय की आता जे घातले ते घातले, मोटर गेली तर यावर पुन्हा पैसा नाही. कापूस विकला की नव्यासाठी थोडे बाजूला टाकतो, हेपावाला पाहीन. तोवर वहिनींचं लुगडं बांधलंय आणि माय तेवढा वेळ सपरीत बसते. तक्रार करते, पण बसते.

पुणे-अकोला

माझ्याकडेही असाच ड्रमवाला पडून आहे. कार्बनचा साइज काय सांगितला दुकानात?

आर्णीवाला

साइज नाही सांगितला. जुने दोन्ही खिशात घालून नेले, त्याने डब्यातले लावून-लावून पाहिले. एक जोडी जरा जाड होती, ती त्याने कानसने घासून बसवली. स्प्रिंग आणि वरची पितळी टोपी जुनी सारखीच आहे का तेवढं बघून घ्या.