आधी चाल का आधी बीट? (भाच्याच्या ड्रिल गाण्यावरून)

कर्वेनगरचा मामा

परवा भाचा आला होता हडपसरहून, म्हणे मामा गाणं केलंय, ऐक. हेडफोन लावले. खाली घसरगुंडीवरून सुटल्यासारखा बेस, वर हायहॅट झांजांची टिकटिक, आणि त्यावर आमचे चिरंजीव आवाज जाड करून सांगतायत की गल्लीत त्यांची दहशत आहे. अरे अकरावीत तू स्वारगेटला एकटा बस बदलायचास तेव्हा तुझी आई गुपचूप मागच्या बसने यायची, कसली दहशत? पण ते सोडा. विचारलं चाल कशी सुचली, तर म्हणे चाल वगैरे नसते मामा, ड्रिलची (रॅपचा एक प्रकार) टाइप बीट, म्हणजे त्या धाटणीचा तयार ताल, यूट्यूबवरून उचलली, १४० बीपीएम म्हणजे मिनिटाला १४० ठोके, त्यावर लिहिलं.

तर माझं म्हणणं असं की आधी जॉनर म्हणजे गाण्याचा प्रकार ठरवायचा, मग त्याचं ड्रम किट डाउनलोड करायचं, मग रिकाम्या जागांत शब्द कोंबायचे, हे गाणं करणं नाही, हे फॉर्म भरणं झालं. चाल आधी. पेटीवर नाहीतर अंघोळ करताना नुसती गुणगुणून जी उभी राहते ती चाल. मग तिला ट्रॅप घाला, हाऊस घाला, लोफाय घाला, कपडे काय बदलता येतात. आणि "आमच्या काळी" वाला म्हणून मला मोडीत काढू नका, २०१० ला पुण्यात पहिला वीकेंडर म्युझिक फेस्टिव्हल झाला तेव्हा मी पदरचे पैसे घालून गेलेलो माणूस आहे.

बीटवाला पोऱ्या

काका पूर्ण असहमत. अभंग घ्या, सहा सहा सहा चार अक्षरं. तुकोबांनी दर वेळी नवीन साचा पाडला का? साचा तयार होता, त्यात काय ओतलं ते बघायचं. जॉनर म्हणजे तोच साचा, फक्त अक्षरांऐवजी ठोक्यांचा.

आणि हिपहॉपमध्ये बीट आधी हे काय यूट्यूबवाल्यांनी काढलेलं फॅड नाही, ते जन्मालाच तसं आलंय. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, एका बिल्डिंगच्या हॉलमधे पार्टी, डीजे कूल हर्क. त्याच्या लक्षात आलं की पब्लिक गाण्याच्या मधल्या नुसत्या ड्रमच्या तुकड्यावर सगळ्यात जास्त नाचतं, मग तो एकच रेकॉर्ड दोन टर्नटेबलवर लावून तोच तुकडा लांबवत बसायचा. त्या तुकड्यावर माणसं माइकवर बोलायला लागली आणि तिथून रॅप. म्हणजे चाल आधी म्हणणं हे इथे लागूच होत नाही ना.

ड्रिलचं पण समजून घ्या मग शिव्या घाला. १४० असतं पण मान डोलते ७० वर. पहिल्या बारमधे (चार ठोक्यांचा एक तुकडा) स्नेअर, म्हणजे तो कडक वाजणारा ड्रम, तिसऱ्या ठोक्याला, पुढच्या बारमधे चौथ्याला, म्हणजे कान वाट बघत राहतो आणि स्नेअर उशिरा येतो, सगळी मजा त्या उशिरात आहे. हायहॅट तीन-तीन-दोन अशा तुकड्यांत. आणि तुम्ही घसरगुंडी म्हणालात तो ८०८ चा, म्हणजे त्या ड्रम मशीनच्या बेसचा, ग्लाइड, सुरावरून सुरावर घसरणं. शिकागोत सुरू झालं, लंडनवाल्यांनी ठोके बदलले, मग परत अमेरिकेत, न्यूयॉर्कला गेलं. फॉर्म म्हणे.

दहशतीचं मात्र मान्य. ते सगळेच ढापतात.

खवचट कोथरूडकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. भाच्याच्या आईने हा धागा वाचला की खरी दहशत कळेल.

सुगम संध्या

मी पेठेत गाणं शिकवते, बरीच वर्षं. माझी एक विद्यार्थिनी मोठ्या हौसेने स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून आली, स्टुडिओचं नाव सांगत नाही, एका फ्लॅटची आतली खोली होती. खमाज रागाच्या अंगाची चाल, वर जाताना शुद्ध निषाद आणि उतरताना कोमल, त्या कोमल निषादावरच सगळं गाणं उभं. फायनल ऐकलं तर उतरताना कोमल निषाद गायबच! दर वेळी तिथे एक उपरा स्वर. त्या मुलाने ऑटोट्यूनला (सूर आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअर) मेजर स्केल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, लावून ठेवलेली, मशीनच्या लेखी कोमल निषाद ही चूक, त्यामुळे तो स्वर उचलून शेजारच्या घरात नेऊन ठेवला. आणि मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर सरकत जाणं, तिच्या पायऱ्या झालेल्या. माणूस जिना उतरतोय असं वाटत होतं.

१९९७ मधे अँडी हिल्डेब्रँड नावाच्या ज्या माणसाने हे काढलं तो आधी तेल शोधायला जमिनीखालून येणाऱ्या लहरींचं गणित करायचा. हुशारच असणार. पण आपल्याकडे दोन स्वरांच्या मधे जे काही असतं तेच तर गाणं असतं ना, आणि ते यंत्र नेमकं तेच पुसतं. मामांशी सहमत, चाल आधी, आणि चालीच्या आधी गळा.

मिक्सिंगचा कारकून

संध्याताई, यात यंत्राचा काय दोष, नॉब न बघता बसलेल्या माणसाचा दोष आहे. दोन निषादांचं गाणं असेल तर स्केलमधे दोन्ही चालू ठेवायचे, नाहीतर सरळ क्रोमॅटिक (बाराही स्वर चालू) ठेवून रीट्यून स्पीड, म्हणजे सूर ओढायचा वेग, मंद करायचा, मग मींड वाचते. त्याहून बरं म्हणजे ऑटो बंद करून जिथे सूर खरंच घसरलाय तेवढाच शब्द हाताने उचलायचा. वेळ लागतो, आणि क्लायंटला दोन तासांत दोन हजारांत गाणं पाहिजे असतं, ही खरी गोष्ट आहे.

माझ्याकडे दर आठवड्याला अशी पाच-सहा गाणी येतात, त्यातली निम्मी एकाच कारणाने भिकार वाजतात आणि ते कारण जॉनरही नाही नि चालही नाही. ८०८ सुरात लावलेला नसतो. पोरांना वाटतं तो ड्रम आहे, तो स्वर आहे भाऊ! गाणं एफमधे, ८०८ चं सॅम्पल मुळात सी वर, तसंच टाकतात, आणि मग म्हणतात मिक्समधे काहीतरी खटकतंय. गंमत म्हणजे रोलँडचं ते मूळ मशीन १९८० ला आलं, खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून फार चाललं नाही, आणि १९८३ ला बंद पडलं. मग सेकंडहँडमधे स्वस्त मिळायला लागलं तेव्हा पोरांनी घेतलं आणि आज अर्धं जग त्याच्यावर चाललंय.

दुसरं म्हणजे घरी आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांनी कृपा करून कपड्यांच्या कपाटासमोर उभं राहा, मागे गोधडी टांगा, फॅन बंद करा. मागच्या महिन्यात एका रोमँटिक गाण्यात दुसऱ्या कडव्याला कुकरची शिट्टी आली, बरोब्बर समेवर. ठेवली मी ती.

कात्रजची मेस

मी इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहतो, लॅपटॉप आहे आठ जीबीचा आणि एक हेडफोन. सिनियर लोकांचं भांडण वाचून काहीच कळलं नाही, मला गाणं करायचंय, सुरुवात कुठून करू? चाल सुचत नाही आणि बीट येत नाही.

बीटवाला पोऱ्या

भावा सोप्पंय. एकच जॉनर धर, महिनाभर दुसरा ऐकायचा नाही. आवडतं गाणं सॉफ्टवेअरमधे टाक, बीपीएम जुळव, आणि दर आठ बारला खूण कर, इथे बेस आला, इथे किक (मोठा ड्रम) गेली, इथे नुसता आवाज राहिला. तुला दिसेल की गाणं म्हणजे बरंचसं काय आणायचं यापेक्षा काय काढायचं हेच आहे. मग त्याच खुणांवर तुझे स्वतःचे आवाज बसव आणि ते मूळ गाणं डिलीट मार. हाऊस असेल तर १२० ते १२८, किक प्रत्येक ठोक्याला, डोळे झाकून. लोफायला ७० ते ९०, आणि ठोके ग्रिडला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आखीव रेघांना, चिकटवू नको, थोडे मागे राहू दे, झोपेतून उठल्यासारखे. अमापियानो पाहिजे तर ११२ च्या आसपास आणि तो दक्षिण आफ्रिकेवाला लॉग ड्रम, तो बेसही असतो आणि तालही. सॉफ्टवेअर कुठलं यावर भांडत बसू नको, जे फुकट चालतं ते घे.

कर्वेनगरचा मामा

म्हणजे नक्कल करा. हेच मी म्हणत होतो. आणि अंतरा कुठे गेला ते पण सांगा, भाच्याचं गाणं एक मिनिट बावन्न सेकंदांचं. तोंड धुवायला पण जास्त वेळ लागतो. ते ३० सेकंद वाजलं की स्ट्रीम मोजतात म्हणून सगळ्यांची हुक, म्हणजे डोक्यात बसणारी ओळ, आणायची घाई, सुरावट घुमवायला जागाच नाही.

बीटवाला पोऱ्या

काका, १९०२ ला गायिका गौहर जानने रेकॉर्डिंग केलं तेव्हा एका तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची, तासाभराचा राग तीन मिनिटांत बसवला ना तिने? तेव्हा कोणी म्हणलं का तबकडीने गाणं मारलं.

सुगम संध्या

म्हणलं की. तेव्हाही पुष्कळांनी म्हणलं. आणि नक्कलेबद्दल म्हणशील तर गुरूची नक्कल आम्हीही केली, पण दहा-दहा वर्षं केली आणि खोलीत केली, तिसऱ्या दिवशी अपलोड नाही केली.

ढोलकीवाले नाना

मी वाचत होतो गप. आता बोलतो. हे पोऱ्या म्हणतं ते रॅप आमाला नवीन न्हाई. पोवाडा काय असतो? शाहीर डफावर थाप मारून भराभर हकिकत सांगतो, मागं तुणतुणं, झांज, अन् झीलकरी मधीमधी जी जी रं जी करत्यात. आता ही पोरं मागनं स्कर्र ब्रर्र करत्यात, ॲडलिब म्हणं. आमच्याकडं त्याला झील म्हणत्यात. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा आहे, १६५९ ची गोष्ट, त्यात काय एकेका अक्षराला नाचवलं न्हाई, हकिकत म्होरं नेली. तुमची पोरं म्होरं नेतच न्हाईत, मी मोठा मी मोठा, एवढंच.

अन् ढोलकीचं लूप वापरणाऱ्यांना तर मी कोपरापासनं हात जोडतो. तेच एक लूप लावणीला, तेच कोळीगीताला. ढोलकीची शाई पेटीच्या काळी दोनला लावलेली अन् पोरगं गातंय पांढरी चारला. कान हाय का काय.

शब्दवेडी

नानांना +१००. पण मला वाटतं आधी चाल का आधी बीट या भांडणात मराठीचा मुद्दा राहूनच गेला. मी गाणी लिहिते, बऱ्याचदा आलेल्या बीटवरच, त्यामुळे मामांइतकी सोवळी नाही. अडचण वेगळी आहे. मराठीत यमक फुकटात मिळतं. रस्त्यावर, कट्ट्यावर, गाडीवर, झाडावर, झालं यमक, पण ते प्रत्ययाचं यमक आहे, कानाला तिसऱ्यांदा कळतं की हा माणूस नुसतं "वर" "वर" करतोय. किंवा मग प्रत्येक ओळ "आहे" वर आपटते. ड्रिलच्या बीटला शेवटचा शब्द ठोक्यावर आदळायला लागतो आणि आपले शब्द शेपूट वाढलेले, च्यामुळे, ण्यासाठी, पर्यंतचा. मग पोरं तो शब्द कसातरी दाबून बसवतात आणि मराठी परकी वाटायला लागते.

उपाय जुनाच आहे, लघु-गुरू, म्हणजे हलकं आणि जड अक्षर. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर जड होतं, ते ठोक्यावर ठेवायचं. आत्ता बसल्या बसल्या लिहिलं ते बघा:

खिशात छप्पन, डोक्यावर छप्पर
भाड्याला अजून मिळेना उत्तर

छप्, छप्, उत्, हे तिन्ही आपोआप किकवर पडतात, दाबायला लागत नाहीत. प्रत्यय पोटात, शेवटाला नुसता सणसणीत शब्द. आता मला सांगा ही चाल आहे का बीट आहे? मी हे लिहिताना बोटांनी टेबल वाजवत होते.

खवचट कोथरूडकर

एवढं कशाला, एआयला सांगा "मराठी ड्रिल, दहशत कमी, मींड जास्त", अर्ध्या मिनिटात येतंय.

मिक्सिंगचा कारकून

येतं, आणि ळ चा ल करून येतं. माझ्याकडे आणतात लोक ते दुरुस्त करायला. मी दुप्पट घेतो.

कर्वेनगरचा मामा

शब्दवेडी, तुमचा प्रतिसाद भाच्याला पाठवला. तो काल रात्री परत आला, मी मुद्दाम म्हणलं दहशत काढ आणि तुझ्या आईची मागची बस टाक. आधी चिडला. मग बाल्कनीत जाऊन तासभर मोबाइलवर काहीतरी टाइप करत बसला आणि आला तर पहिल्या ओळीतच "हडपसर गच्च, खिडकीला धक्का, मागच्या बसमधे आईचा डबा पक्का". बीट तीच, तोच उशिरा येणारा स्नेअर, आणि "पक्का" बरोब्बर त्या उशिराच्या ठोक्यावर. खरं सांगतो अंगावर काटा आला. चाल नाहीच त्यात अजून, माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, पण गुणगुणायला लागलो राव मी ते सकाळी दाढी करताना. आता हुकला लूप नको, खरी ढोलकी पाहिजे असं पोराचं म्हणणं आहे. नाना, येता का?

बीटवाला पोऱ्या

काका दाढी करताना गुणगुणलात म्हणजे चाल झाली की ती, बीटच्या नंतर आलेली. विषय संपला.

कर्वेनगरचा मामा

संपला नाही. मी गुणगुणलो म्हणून झाली, बीट म्हणून नाही.

ढोलकीवाले नाना

येतो रविवारी. पट्टी कंची?

कर्वेनगरचा मामा

एफ म्हणतोय, म्हणजे पांढरी चार. आणि लय पोरगं म्हणतंय १४०, मला ७० वाटते. नक्की काय धरायचं?

ढोलकीवाले नाना

दोन्ही एकच, एकपट अन् दुप्पट. ढोलकी चढवायला अर्धा तास लागंल, तंवर चहा ठेवा. अन् कुकर बंद.