मदत हवी आहे: पणजीचं माहेर कसं शोधायचं? फेरफारापर्यंत पोचले, पुढे अडलंय

नमस्कार मंडळी,

गेले आठ महिने मी आमच्या घराण्याची वंशावळ लावते आहे. मूळ गाव सिन्नर तालुक्यातलं, आम्ही नाशकात राहतो. नावं इथे मुद्दाम देत नाही, कारण चुलत घरातल्या सगळ्यांना अजून विचारलेलं नाही.

सुरुवात केली तेव्हा मला यातलं काहीच येत नव्हतं. दर शनिवारी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायला लागले. 1840 सालचं हे वाचनालय, पण इतकी वर्षं मी तिथून फक्त कादंबऱ्या आणल्या होत्या. आधी नाशिक जिल्ह्याचं 1883 चं गॅझेटिअर काढलं. त्यात आमच्या घराण्याचं काही मिळेल असं वाटलं होतं. तसं काही मिळालं नाही, पण नद्या, बाजाराची गावं आणि रस्ते कळले. त्या काळी सोयरीक कुठवर जात असेल याचा अंदाज त्यावरूनच येतो.

वाचनालयात रोज येणारे एक निवृत्त तलाठी काका आहेत. त्यांनी मला जुनी दप्तरं वाचायला शिकवलं. माझ्याकडे आजोबांच्या ट्रंकेतला एक मोडी कागद होता, त्यावर ‘सन 1319’ होतं. मी त्याला बखरीच्या काळातला समजून बसले होते. काकांनी सांगितलं, हा फसली सन, यात 590 मिळव. म्हणजे कागद 1909-10 चा! शकात 78 मिळवायचे हे शाळेत शिकले होते, फसलीचं कुणी सांगितलंच नव्हतं. तसंच ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. हे दोन शब्द कळले आणि निम्मा कागद उलगडला. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचाही भरवसा नसतो, त्यामुळे नावं मी अजून तीन-तीनदा वाचते.

आता मुद्द्यावर येते. बापाकडच्या सहा पिढ्या लागल्या. त्यात एकाही बाईचं माहेर नाही. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची (गाव नमुना 14) जी पानं मला पाहायला मिळाली, त्यांत बाळाच्या बापाचं नाव आहे, जात आहे, मुलगा की मुलगी तेही आहे. आईचं नाव नाही. नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या बाईला त्या रकान्यांत जागाच नव्हती, हे बघून मी वही मिटून थोडा वेळ तशीच बसले.

पणजी मात्र एका ठिकाणी सापडली. पणजोबा 1918 च्या साथीत गेले. आजी तिला मानमोडीची साथ म्हणायची. त्यानंतरच्या वारसाच्या फेरफारात (जमीन कुणाच्या नावावर गेली त्या नोंदीत) माझ्या आजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं नाव लागलं, आणि पुढे लिहिलंय ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता (वयात न आलेल्या वारसांचा पालक), आणि मग तिचं नाव. शंभर वर्षांच्या कागदांत तिचं नाव एवढं एकदाच आलंय. तेसुद्धा सासरचं. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे माहेरचं नाव कुणालाच माहीत नाही.

घरात तिच्याबद्दल एवढंच ऐकलंय: ती गोदेच्या पलीकडची. माझ्या आत्याला तिच्या जात्यावरच्या ओव्या येतात, त्यांत भाऊ कादवाकाठून बैलगाडी घेऊन येतो. कादवा दिंडोरीकडून निफाडात येऊन नांदूरमध्यमेश्वरला गोदेला मिळते. म्हणजे काठावर गावं कितीतरी. पणजोबा गेल्यावर आजोबा काही वर्षं मामाकडेच होते, चौथीनंतर सिन्नरला आले आणि तिथून व्हर्नाक्युलर फायनल (तेव्हाची सातवीची परीक्षा) झाले.

माझे प्रश्न असे. बाईचं माहेर कोणत्या कागदात सापडतं? रामकुंडावरच्या उपाध्यांच्या नामावळीत (यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं लिहिलेल्या वह्यांत) सापडेल का, आणि तिथे काय विचारायचं? शोध थांबवायचा नाही, पण दिशा हवी आहे. आत्या 86 वर्षांची आहे, तिच्या हयातीत तिला तिच्या आजीचं गाव दाखवायचं आहे.

प्रतिसाद

ताई, नामावळीत नक्की बघा. उपाध्ये गावावरून आणि आडनावावरून वाटून घेतलेले असतात, त्यामुळे ‘आमच्या गावाचे उपाध्ये कोण’ एवढंच आधी विचारा. नुसतं वंशावळ द्या म्हणू नका. 1918 च्या आगेमागचे लेख बघायला मागा. पणजोबांच्या अस्थी रामकुंडावर आणल्या असतील तर मुलं लहान, सोबत कुणीतरी मोठं माणूस आलं असणार. ते चुलतेही असतील, पण मेहुणाही असू शकतो. लेखाखाली कुणाची सही आहे, कोणत्या गावचा म्हणून लिहिलंय, ते नीट वाचा. दक्षिणा द्या, फोटो काढण्याआधी विचारा, आणि तुमच्या पिढीची नावं तिथे लिहून या.

आणखी एक. तुमच्या आजोबांनी कधी तीर्थश्राद्ध केलं असेल तर त्यात आईकडच्या पिढ्यांचीही नावं घेतात, मातामह आणि त्याच्या वरचे दोघे. पितृपक्षासाठी अशी यादी काही घरांत कागदावर लिहून ठेवलेली असते. देवघरात, पंचांगाच्या जुन्या गठ्ठ्यात बघा. आमच्या घरी ती पोथीच्या रुमालात निघाली होती.

प्रतिसाद

तुमच्या धाग्यात उत्तराची वाट आहे, पण तुम्ही ती एका वाक्यात सांगून पुढे गेलात. आजोबा चौथीपर्यंत मामाकडे होते ना? मग ते मामाच्या गावच्या शाळेत किंवा जवळच्या शाळेत असणार. शाळेचं जनरल रजिस्टर बघा. त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, आणि यापूर्वीची शाळा असा रकाना असतो.

कादवाकाठची सगळी गावं पालथी घालू नका. उलटीकडून जा. सिन्नरला ज्या शाळेत आले तिथल्या रजिस्टरात आजोबांच्या नावापुढे ‘आधीची शाळा’ बघा. तिथे गाव मिळालं की त्या गावची शाळा गाठा. बाप वारलेला असल्यामुळे पालक म्हणून मामाचं नाव लावलेलं असण्याची शक्यता चांगली आहे. मामाचं नाव आणि आडनाव मिळालं की पणजीचं माहेर मिळालं.

मग त्या गावचे जुने फेरफार बघा. पुष्कळ जिल्ह्यांचे जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. तिथे शोधताना आजचा गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर यांत गल्लत होते. एकत्रीकरण योजनेचा (तुकड्यातुकड्यांच्या जमिनी एकत्र करून नवे गट नंबर दिले ती) उतारा काढा, त्यावरून जुळवता येईल. मामांच्या वारसांची नोंद 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरची असेल तर बहिणींची किंवा मुलींची नावं, हक्कसोड वगैरे सापडू शकतं. पणजी तेव्हा हयात होती का?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पणजी 1961 पर्यंत होती, आत्याला ती चांगली आठवते.

आजोबांच्या ट्रंकेत शाळा सोडल्याचा दाखला आहे, हे मला तुमचा प्रतिसाद वाचल्यावर आठवलं. मी तो दहा वेळा हातात घेतला असेल, पण फक्त जन्मतारखेसाठी. आत्ता काढून बघितला. ‘आधीची शाळा’ या रकान्यात गावाचं नाव आहे, पण घडीवर कागद फाटलाय आणि पहिलं अक्षर गेलंय. उरलेलं ‘…गाव’ असं वाचता येतं.

आत्याला फोन लावला आणि निफाडकडच्या गावांची नावं एकेक करून वाचत गेले. एका नावाला ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘हे नाव आईच्या तोंडी होतं, पण आजीचं माहेर ते का, ते मला ठाऊक नाही.’

सिन्नरच्या शाळेत सोमवारी जाते. जनरल रजिस्टरातल्या नोंदीची प्रत मागायचा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे लिहायचा की केंद्रप्रमुखांच्या? आणि नातं दाखवायला वडिलांचा दाखला आणि आधार एवढं पुरेल का, की फेरफाराची प्रतही जोडू?