शिसं सापडलेल्या जमिनीत चुना, हाडांचं खत घालून भाजी लावावी का?

मुलुंडचा माळी:
सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात पूर्वी बॅटऱ्या दुरुस्त करणारं गॅरेज होतं. माती तपासली, शिसं निघालं. कमिटी म्हणते हाडांचं खत, चुना, कंपोस्ट मिसळू आणि पालक लावू. माझा पाठिंबा आहे. हाडांच्या खतातलं फॉस्फेट मिळालं की शिशाचं पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज होतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अमेरिकेत ओकलंडच्या साउथ प्रेस्कॉट वस्तीत २०११ मध्ये सरकारी खात्याने अंगणांत माशांच्या हाडांची भुकटी मिसळली ती याचसाठी. आणि माती उचलली तरी जाणार कुठे? रात्रीच्या डंपरने खारफुटीतच ना!

कुर्लेकर ताई:
पण शिसं गेलं कुठे? तिथेच आहे. एकूण शिसं पुन्हा मोजा, आकडा तोच येईल. शिवाय ते मुळांतून थोडंच येतं. येतं ते पानांना चिकटलेल्या मातीतून आणि पोरांच्या हातांवरून. पालक कितीही धुवा, देठाच्या बेचक्यात कचकच राहतेच.

मुलुंडचा माळी:
ताई, म्हणूनच तर! पायरोमॉर्फाइट पोटातही कमी विरघळतं.

डोंबिवलीचे काका:
रुळांलगतची भाजी अख्खी मुंबई खाते. काय झालं कुणाला?

कुर्लेकर ताई:
काका, शिशाने पोरांच्या मेंदूवर परिणाम होतो, तो चेहऱ्यावर दिसत नाही. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, रस्त्याकडेच्या मातीतलं शिसं काही उठून गेलं नाही.

खारट रसायन:
तुम्ही सगळे शिशावरच अडकलात. बॅटरीच्या शिसपट्ट्यांत अँटिमनी आणि थोडं आर्सेनिकही मिसळत. मातीच्या कणांना चिकटायला फॉस्फेट आणि आर्सेनिक एकाच जागेसाठी भांडतात. फॉस्फेट ओतलंत की आर्सेनिक सुटं होतं. चुन्याने मातीचा सामू (pH) वाढला की कॅडमियम, जस्त हे धातू गप्प बसतात, पण आर्सेनिक आणखी मोकळं. आधी आर्सेनिक तपासा, मग पोती आणा.

कुर्लेकर ताई:
आणि आपला पाऊस? चुन्याचा असर दर पावसाळ्यात ओसरत जाणार. पाच वर्षांनी सामू कोण तपासणार? ज्या कमिटीला टाकी धुवायची आठवण करून द्यावी लागते, ती?

मुलुंडचा माळी:
बरं, मग असं करू. जुन्या मातीत औषधपाणी करून वर गवत आणि जास्वंद. भाजी फक्त उंच वाफ्यांत, खाली जाड कापड, वर बाहेरची माती.

खारट रसायन:
हे पटलं. त्यातही वांगी, टोमॅटो लावा. पालेभाज्या, मुळा, बीट नको.

कुर्लेकर ताई:
बाहेरची माती म्हणजे कुठली? मुंबईत "लाल माती" म्हणून काय काय विकतात ते माहीत आहे. तिचाही रिपोर्ट लावा धाग्यावर.