एम कटतो, मग भरलेला ट्रक का थांबत नाही?

हिशेबी: पुतण्याचं गणित होतं. 1200 किलोची कार, ताशी 72 किमी, 40 मीटरांत थांबवायची. ब्रेकचं बल किती? वेग सेकंदाला 20 मीटर, गतिज ऊर्जा 2,40,000 ज्यूल, भागिले 40, म्हणजे 6,000 न्यूटन. 25 टनी ट्रकला हेच बल 1,25,000. पण जड गाडीला घर्षणही त्याच पटीत मिळतं, एम, म्हणजे वस्तुमान, दोन्हीकडून कटतो. कोरड्या रस्त्यावर म्यू, म्हणजे टायरच्या घर्षणाचा गुणांक, 0.7 धरला तर दोघंही 29 मीटरांत थांबतात. ‘जड गाडी लांब जाते’ हा निव्वळ गैरसमज, असं माझं मत.

घाटकरी: काय राव! भरल्या ट्रकात बसलायत कधी? वडिलांनी बोरघाटात उभी हयात काढली. ट्रकच्या टायरचं रबर कडक, पकड मुळात कमी. त्यात एअर ब्रेक. हवा मागच्या चाकांपर्यंत पोचायला अर्धा सेकंद गेला, तर 10 मीटर तिथंच संपले.

हिशेबी: मान्य. पण हा दोष टायरचा नि हवेचा. वजनाचा कुठं?

घाटकरी: मग उतार घ्या. 5 टक्के उतार, 25 टन: वेग नुसता वाढू द्यायचा नाही म्हटलं तरी 12,250 न्यूटन लागतात. असा 8 किमी उतरा, 9 कोटी 80 लाख ज्यूल. सपाटीवर 72 वरून थांबायला 50 लाख पुरतात. म्हणजे ट्रक वीसेक वेळा थांबवल्याची उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये.

हिशेबी: किलोमागे उष्णता कारलाही तेवढीच. एम परत कटला की!

पान्हा नं. 17: मध्ये तोंड घालतो, गॅरेजवाला आहे. कारला टनामागे इंजिनाचा आणि हवेचा अडसर कितीतरी जास्त मिळतो. ट्रकमध्ये बहुतेक भार ब्रेकवर. ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो. असा ड्रम उघडला की लायनर काचेसारखा चकचकीत, आणि जळका वास दोन दिवस हाताचा जात नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे तर इंजिनाचा होता तेवढा आधारही सोडून देतात.

घाटकरी: वडील चढताना जो गिअर, त्याच गिअरात उतरायचे. क्लीनर चिडवायचे.

हिशेबी: घाटापुरतं मागे घेतो. सपाटीवरचे 29 मीटर मात्र सोडणार नाही.

पान्हा नं. 17: ठेवा. लायनर थंड असेपर्यंत.