शब्दचर्चा : 'हाय प्रायॉरिटी वर्क क्यू'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादक

नटएक्स या रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॉन्फिगरेशनवर मराठीत टिपण लिहितो आहे. तिच्यात वर्क क्यू, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगा, तीन : एचपीवर्क (हाय प्रायॉरिटी) आणि एलपीवर्क (लो प्रायॉरिटी) कर्नलमधल्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातल्या, यूएसआरवर्क युजर स्पेसमधली, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन जिथे चालतात तिथली. मी सरळ 'उच्च-प्राधान्य कार्यरांग', 'निम्न-प्राधान्य कार्यरांग' आणि 'वापरकर्ता-अवकाश कार्यरांग' असं लिहून टाकलं. मसुदा वाचणाऱ्याने विचारलं, "म्हणजे महत्त्वाची कामं पहिल्या रांगेत टाकायची आणि किरकोळ कामं दुसऱ्या, असंच ना?" असं नाही, हे मला माहीत आहे. पण माझ्या शब्दांतून तोच अर्थ निघतो, त्याचं काय करू? शब्द सुचवा.

फर्मवेअरवाला

घोळ 'प्राधान्य'पेक्षा ते कुणाला चिकटवलंय यात आहे. एचपीवर्कमध्ये टाकलेल्या कामाला स्वतःचं प्राधान्य नसतंच. काम म्हणजे काय, तर एका फंक्शनचा पत्ता, त्याला द्यायचा एक आर्ग्युमेंट आणि किती वेळाने चालवायचं तो आकडा. कॉन्फिगरेशनमधला 224 हा आकडा, म्हणजे एचपीवर्कचं डीफॉल्ट प्राधान्य, आहे त्या रांगेतली कामं उपसणाऱ्या वर्कर थ्रेडचा. (थ्रेड किंवा टास्क म्हणजे सीपीयूवर आपल्या पाळीने स्वतंत्रपणे चालणारा कोड.) रांगेच्या आत सगळे सारखे, ज्याची वेळ आधी भरली तो आधी.

खिडकीवरचा कारकून चपळ आहे म्हणून रांगेतल्या माणसाचं काम महत्त्वाचं ठरत नाही, तसंच हे. आणि पुढच्याने खिडकी अडवून धरली तर कारकून कितीही चपळ असो, मागचे ताटकळणारच.

त्यामुळे 'उच्च-प्राधान्य कार्यरांग' ऐवजी मी 'वरच्या प्राधान्याच्या थ्रेडची कार्यरांग' लिहीन. लांबलचक आहे, मान्य. पहिल्यांदा पूर्ण लिहा, पुढे 'वरची रांग' आणि 'खालची रांग' चालेल.

व्याकरणी

इथे 'अग्रक्रम' जास्त बसतो असं मला वाटतं. प्राधान्य म्हणजे महत्त्व, 'शिक्षणाला प्राधान्य' म्हणतो तेव्हा कोण आधी कोण नंतर याचा हिशेब नसतो. अग्रक्रमात क्रम आहे. शेड्युलर नेमकं तेच करतो ना? चालायला तयार असलेल्यांपैकी आधी कोण, एवढंच ठरवतो. कोण महत्त्वाचं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

फर्मवेअरवाला

हे पटलं. फक्त आकड्याची दिशा सांभाळा. नटएक्समध्ये 1 ते 255, आकडा मोठा तसा अग्रक्रम वरचा. झेफिर या दुसऱ्या रिअल टाइम सिस्टिममध्ये उलट. तिथे आकडा लहान तसा अग्रक्रम वरचा, आणि उणे आकडे म्हणजे को-ऑपरेटिव्ह थ्रेड, जे स्वतः थांबल्याशिवाय दुसऱ्या थ्रेडला जागा देत नाहीत. झेफिरच्या सिस्टिम वर्क क्यूचा डीफॉल्ट उणे 1 आहे. म्हणून 'अग्रक्रम वाढवा' असं मोघम लिहू नका. वाचणारा आकडा वाढवेल आणि झेफिरवर थ्रेड खाली जाऊन बसेल. 'अग्रक्रम वर न्या' लिहा आणि शेजारी आकडाच द्या.

नवखी

मुळात ही रांग लागते कशाला? इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरचा 'इकडे लक्ष द्या' असा इशारा, आला, तिथेच काम उरकलं, असं का नको?

फर्मवेअरवाला

इंटरप्ट हँडलर चालू असताना थ्रेड सगळे थांबलेले असतात आणि बहुधा इतर इंटरप्टही. शिवाय हँडलरमध्ये म्युटेक्ससाठी (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या कुलपासाठी) थांबता येत नाही, झोपता येत नाही. म्हणून हँडलरने हार्डवेअरकडून जरुरीपुरतं काढून घ्यायचं, बाकीचं रांगेत लावायचं आणि निघायचं. मग ते बाकीचं काम साध्या थ्रेडमध्ये होतं, तिथे थांबायची मुभा असते.

याला टॉप हाफ आणि बॉटम हाफ म्हणतात आणि इथे मराठी आपल्यावर मेहेरबान आहे : पूर्वार्ध, उत्तरार्ध. 'वरचा अर्धा, खालचा अर्धा' असं भाषांतर मी वाचलंय. त्यात काय आधी नि काय नंतर हे कळतच नाही. एचपीवर्क ही मुळात ड्रायव्हरच्या उत्तरार्धांसाठी, एलपीवर्क सावकाश चालणाऱ्या कामांसाठी, उदाहरणार्थ असिंक्रोनस आयओ, म्हणजे मागणाऱ्याला न थांबवता मागे होणारं वाचन-लेखन. फ्रीआरटॉस या आणखी एका सिस्टिममध्ये असा उत्तरार्ध टायमरच्या डीमन टास्कवर, म्हणजे टायमर सांभाळत मागे चालणाऱ्या टास्कवर, ढकलायची सोय आहे. त्याच्यासाठी वेगळी रांग नको, पण मग सगळ्या सॉफ्टवेअर टायमरांचं भवितव्य त्या एकाच टास्कच्या अग्रक्रमावर.

अनुवादक

पूर्वार्ध-उत्तरार्ध घेतलेच. आता 'ब्लॉक होणे' आणि 'स्टार्व्ह होणे'. पहिल्याला 'अवरोध' आणि दुसऱ्याला 'उपासमार' लिहिलंय.

व्याकरणी

'अवरोध' कशाला? 'खोळंबणे' हा हाताशी असलेला शब्द. कुणामुळे तरी अडून राहणं, हा अर्थ त्यात आयताच आहे.

फर्मवेअरवाला

खोळंबा आणि उपासमार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या टिपणात हा फरक यायलाच हवा. उदाहरण घ्या. कुणीतरी फ्लॅशचा सेक्टर पुसायचं काम एचपीवर्कवर टाकलं. नॉर प्रकारच्या फ्लॅश मेमरीला एक सेक्टर पुसायला शेकडो मिलिसेकंद लागू शकतात. आता दोन शक्यता.

पुसून होईपर्यंत ते फंक्शन झोपून राहिलं, तर सीपीयू मोकळा असतो. इतर टास्क मजेत चालतात. पण वर्कर थ्रेड एकच असेल तर त्याच रांगेतला नेटवर्कचा उत्तरार्ध तोवर तिथेच. पॅकेट येतात, बफर भरतात, पुढची पॅकेट गळतात. हा खोळंबा.

तेच फंक्शन न झोपता 'झालं का, झालं का' करत स्टेटस रजिस्टर वाचत बसलं, तर 224 च्या खालचे सगळे टास्क तेवढा वेळ सीपीयूविना. ही उपासमार.

पहिल्यावर इलाज म्हणजे काम दुसऱ्या रांगेत हलवणं किंवा थ्रेड वाढवणं. दुसऱ्यावर थ्रेड वाढवून काडीचा फायदा नाही, सीपीयू एकच असेल तर. वेगळे इलाज असलेल्या गोष्टींना एकच शब्द वापरला की वाचणारा चुकीचा आकडा बदलत बसतो.

आणि थ्रेड वाढवले की एका रांगेतली दोन कामं एकाच वेळी चालू शकतात. 'रांग आहे म्हणजे एकामागून एक होणार' या भरवशावर लॉक न लावता लिहिलेला कोड असेल तर तो तिथे फुटतो. रांग या शब्दाचा हा दुसरा फसवेपणा.

नवखी

एलपीवर्कला दोन अग्रक्रम दिसतात. एक साधा आणि एक कमाल, 176. दोन कशाला?

फर्मवेअरवाला

वरच्या अग्रक्रमाच्या टास्कने आपलं काम खालच्या रांगेत दिलं आणि निकालाची वाट पाहत बसला, तर प्रत्यक्षात तो खालच्या थ्रेडच्या चालीने चालतो. मधल्या अग्रक्रमाचे टास्क येऊन दोघांनाही मागे टाकतात. म्हणून तेवढ्यापुरता खालच्या वर्करचा अग्रक्रम उचलतात आणि काम झालं की परत खाली. 176 ही त्या उचलण्याची कमाल मर्यादा. याच्या मागच्या कल्पनेला प्रायॉरिटी इनहेरिटन्स म्हणतात.

अनुवादक

त्याला 'प्राधान्याचा वारसा' लिहिलंय, आता 'अग्रक्रमाचा वारसा' करतो.

व्याकरणी

वारसा कसा? वारसा मागच्याकडून मिळतो आणि आपल्याकडेच राहतो. इथे देणारा समोर वाट पाहत उभा आहे आणि काम झाल्यावर परत करायचं आहे. याला मराठीत उसनं म्हणतात. 'उसना अग्रक्रम'.

फर्मवेअरवाला

वा! इंग्रजी नावापेक्षा हे चांगलं आहे. 1997 साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा किस्सा याच एका शब्दात बसतो. यान व्हीएक्सवर्क्स या रिअल टाइम सिस्टिमवर चाललं होतं. हवामानाची माहिती घेणाऱ्या खालच्या टास्ककडे एक म्युटेक्स होता, यानाच्या भागांमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या बसचं व्यवस्थापन करणारा वरचा टास्क त्याच्यासाठी खोळंबला, आणि मधले टास्क खालच्याला चालू देईनात. वरच्याचं काम वेळेत झालं नाही म्हणून यान पुन्हा पुन्हा रीसेट होत राहिलं. म्युटेक्सला उसना अग्रक्रम देण्याची सोय व्हीएक्सवर्क्समध्ये होती, त्या म्युटेक्ससाठी ती बंद होती. पृथ्वीवरून ती चालू केली आणि रीसेट थांबले.

अनुवादक

राहिली युजर स्पेस. 'वापरकर्ता-अवकाश' खटकतंय का?

व्याकरणी

खटकतंय. 'अजून अवकाश आहे' म्हणजे वेळ आहे, 'अवकाशयान' म्हणजे आभाळापलीकडचं. 'वापरकर्ता-अवकाश' वाचून मला वापरकर्त्याची सुट्टी आठवते. युजर स्पेस तसंच ठेवा, किंवा 'कर्नलच्या बाजूची' आणि 'अ‍ॅप्लिकेशनच्या बाजूची' रांग म्हणा.

फर्मवेअरवाला

'बाजू' चालेल, कारण मध्ये खरोखरच भिंत असते. पण बिल्डनुसार, म्हणजे सिस्टिम कोणत्या रचनेत बांधली त्यानुसार, वाक्य बदलावं लागेल. फ्लॅट बिल्डमध्ये भिंतच नाही, त्यामुळे वेगळी यूएसआरवर्कही नाही. प्रोटेक्टेड बिल्डमध्ये एमपीयू (मेमरीचं रक्षण करणारं हार्डवेअर) कर्नल आणि अ‍ॅप्लिकेशन वेगळे ठेवतं, तिथे ही रांग सिस्टिम सुरू होतानाच चालू होते. कर्नल बिल्डमध्ये प्रत्येक प्रोसेसचा पत्त्यांचा पसारा निराळा, म्हणून ज्या प्रोसेसला रांग हवी तिने ती स्वतः सुरू करायची. तिथे 'अ‍ॅप्लिकेशनची रांग' असं एकवचनी लिहाल तर चूक. ती ज्याची त्याची.

अ‍ॅप्लिकेशनला एचपीवर्क का वापरू देत नाहीत, हेही एका ओळीत सांगा. रांगेत फंक्शनचा पत्ता जातो आणि कर्नलचा थ्रेड तो पूर्ण अधिकारानिशी चालवतो. अ‍ॅप्लिकेशनने दिलेला पत्ता तसा चालवला तर भिंत घातली कशाला?

नवखी

वर्कर थ्रेडचा स्टॅक, म्हणजे फंक्शन चालताना लागणारी तात्पुरती मेमरी, 2048 बाइट दिसतो. तो एका कामाचा की सगळ्या रांगेचा?

फर्मवेअरवाला

थ्रेडचा. काम त्याच थ्रेडच्या स्टॅकवर चालतं, म्हणून रांगेतल्या सगळ्यात खादाड फंक्शनला पुरेल एवढा हवा. कुणी फंक्शनमध्ये हजार बाइटचा लोकल ॲरे घेतला की निम्मा तिथेच गेला. नवा ड्रायव्हर जोडल्यावर अचानक क्रॅश व्हायला लागला तर आधी हे बघावं. 'रांगेचा स्टॅक' लिहू नका, लोक त्याला रांगेची लांबी समजतात. या रांगेला ठरलेली लांबी नसतेच, कामाची जागा जो काम देतो त्याने आणायची.

अनुवादक

शेवटचं. काम देताना जो 'डिले' देतात त्याला 'विलंब' लिहिलंय. आणि शून्य दिलं तर 'तात्काळ'.

व्याकरणी

विलंब म्हणजे उशीर झाला, कुणाची तरी चूक. इथे मुद्दाम ठेवलेलं अंतर आहे. 'इतक्या वेळाने' पुरेसं आहे.

फर्मवेअरवाला

'किमान इतक्या वेळाने' करा. नटएक्समध्ये हा आकडा टिकमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या घड्याळाच्या ठोक्यांत, असतो आणि डीफॉल्ट टिक 10 मिलिसेकंदांची, म्हणजे 3 मिलिसेकंद मागायची सोयच नाही. 'तात्काळ' तर काढूनच टाका. शून्य दिलं की काम लगेच रांगेत लागतं, चालेल ते वर्कर मोकळा झाल्यावर.

झेफिरचं लिहिणार असाल तर तिथे दोन फंक्शनं आहेत. काम आधीच वेळ लावून ठेवलेलं असताना पुन्हा शेड्यूल केलं तर काहीच होत नाही, जुनीच वेळ राहते. रीशेड्यूल केलं तर जुनी वेळ पुसून नवी लागते. पहिल्याला 'वेळ लावणे' आणि दुसऱ्याला 'वेळ बदलून लावणे' म्हणा. दोन्हींना 'नियोजन' म्हटलंत तर बटणाचा डीबाउन्स (दाबल्यावर बटणाची थरथर थांबेपर्यंत वाट पाहणारा कोड) लिहिणारा पहिलं फंक्शन उचलेल, आणि बटण अजून थरथरत असतानाच त्याचं काम चालून जाईल.