मदत हवी आहे: जुन्या लाकडी घराला बाहेरून रंग देण्यापूर्वीची तयारी

नमस्कार. मॅसॅच्युसेट्समधले आमचे घर १९२८ साली बांधलेले आहे आणि त्याच्या बाहेरच्या भिंती सीडर नावाच्या लाकडाच्या, एकावर एक चढवून ठोकलेल्या आडव्या फळ्यांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी दिलेल्या रंगाला, विशेषतः न्हाणीघराबाहेरच्या भिंतीवर, मोठे पोपडे सुटले आहेत. त्यातला एक उचलून पाहिला, तेव्हा पांढरा, हिरवा आणि अगदी तळाचा पिवळसर असे तिन्ही थर एकदमच निघाले व खाली करडे पडलेले उघडे लाकूड दिसले. त्यामुळे मला वाटते की खोट वरच्या रंगात नसून आतून येणाऱ्या दमटपणात आहे. न्हाणीघरात वाफ बाहेर टाकणारा पंखा बसवण्याचे काम आधी करणार आहोत.

खरी काळजी जुन्या रंगातल्या शिशाची, म्हणजे त्या विषारी धातूची, आहे. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, म्हणजे आमच्या घराचे खालचे थर त्याआधीचे असणार, आणि घरात दीड वर्षाची मुलगी आहे. एका रंगाऱ्याने जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन, मशीनने घासून तीन दिवसांत काम संपवतो असे सांगितले. मी नकार दिला, कारण ती धूळ आणि ते पाणी अंगणातल्या मातीतच जाणार. आता थरांची प्रयोगशाळेत तपासणी करून घेऊन, शिशाच्या कामाचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडूनच, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून, पृष्ठभाग ओला ठेवून हाताने खरवडून घ्यायचे ठरवले आहे.

माझी अडचण पुढच्या क्रमाची आहे. उत्तरेकडच्या भिंतीवरच्या काळ्या डागांवर ब्लीचचा थेंब टाकताच ते फिकट झाले, म्हणजे ती बुरशी आहे व ती धुवावीच लागेल. धुतल्यावर लाकूड वाळायला वेळ हवा. ओलावा मोजण्याचे यंत्र आजच १९ टक्के दाखवते आणि मला तो १५ च्या खाली आणायचा आहे. उलट, खरवडलेले लाकूड दोन आठवड्यांहून अधिक उन्हात उघडे राहिले तर त्यावर प्रायमर (रंगाखाली द्यायचा पहिला थर) नीट धरत नाही. त्यात सीडरचा तपकिरी रस पाण्याच्या रंगातून वर येतो, म्हणून तेलाचा प्रायमर घेतला आहे, जो वाळायला आणखी वेळ घेतो.

ज्यांनी अशी घरे स्वतः हाताळली आहेत, त्यांनी कृपया सांगावे: सगळे घर आधी धुऊन मग खरवडावे, की एकेक भिंत धुऊन, वाळवून, खरवडून लगेच प्रायमर द्यावा? आणि घट्ट धरलेले जुने थर तसेच ठेवून त्यांच्या कडा ओल्या पॉलिश पेपरने उतरत्या केल्या तर पुरते का?