गच्चीवर ठेवलेली बोटीची बॅटरी उठून नाही राहिली

गच्चीवरचा खलाशी, नागपूर
राम राम मंडळी. नागपुरात समुद्र नाही, माहीत आहे, हसून घ्या. आम्हा तिघा मित्रांची वीस फुटी जुनी शिडाची बोट अलिबागकडे एका खाडीत असते. पावसाळ्याआधी ती ओढून ताडपत्रीखाली ठेवतो. यंदा मेमध्ये मी शहाणपणा केला. खारी हवा नको म्हणून बॅटरी (१२ व्होल्ट, ७५ एएच म्हणजे अँपिअर-तास, पाणी टाकायची साधी शिशाची) काढली अन् गाडीत टाकून समृद्धीनं घरी आणली. खाली अंथरलेल्या सोलापुरी चादरीला अ‍ॅसिडनं पाच भोकं पडली. त्यावरून घरात काय झालं ते विचारू नका.

बॅटरी गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत ठेवली आणि विसरलो. ऑक्टोबरात मीटर लावला तर ९.८. रात्रभर चार्ज केली, काढून चार तासांनी पाहिली तर १०.६. त्यावर चढूनच नाही राहिली. आणली तेव्हा १२.२ होती, म्हणजे चांगली होती ना? दुकानदार म्हणतो लिथियम घ्या.

इन्व्हर्टरवाला, महाल
भाऊ, १२.२ म्हणजे अर्धी. भरलेली बॅटरी चार्जर काढून काही तासांनीही १२.६-१२.७ दाखवते. अर्ध्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेट बसलेलं असतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळतं. पाच महिने तसंच ठेवलं तर त्याचे कडक खडे होतात, मग कितीही चार्जर लावा. त्यात नागपूरचा मे आणि वरून टिन! दहा डिग्री वाढले की बॅटरी आपोआप उतरायचा वेग जवळपास दुप्पट होतो. लोक इन्व्हर्टर जिन्याखाली काऊन ठेवतात?

आता १०.६ चं. आत सहा सेल, प्रत्येकी २.१ व्होल्ट. एक गेला की साडेदहाच्या आसपास अडकते. हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) आणा, सहाही झाकणं उघडून मोजा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ५० पॉइंटनं खाली असेल तर विषय संपला. पाणी डिस्टिल्डच टाका, एसीचं गोळा केलेलं नको. चार्ज करताना खिडकी उघडी ठेवा, हायड्रोजन निघतो. आणि चाळीस डिग्रीत चार्जर १४.४ ऐवजी १४ वर ठेवा.

रेवदंड्याचा तांडेल
दादा, उन्हाला शिव्या नंतर द्या. बोटीवरून काढतानाच ती अर्धी का होती, ते आधी शोधा. मेन स्विच बंद केला म्हणजे सगळं बंद झालं असं नसतं. तळाचं पाणी उपसणारा पंप मुद्दाम थेट बॅटरीवर जोडतात, त्याचा फ्लोट (पाणी चढलं की पंप सुरू करणारा तरंगता स्विच) अडकला तर रात्रीत वाट लागते. आणि नुसता ०.१ अँपिअर चोरून जात असेल तरी दिवसाला २.४ एएच, पंधरा दिवसांत ३६. तुमची अर्धी बॅटरी!

वापराचा हिशेब फार मोठा नाही. नांगरावरचा एलईडी दिवा रात्रीत अडीच एएच, व्हीएचएफ (बोटीचा बोलायचा रेडिओ) नुसता ऐकायला तासाला अर्ध्याहून कमी, बोलताना मात्र पाच अँपिअर. पन्नास वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला १२-१५ देतं, पण बूमची (शिडाखालच्या आडव्या दांड्याची) सावली पडेल तिथे बसवू नका. बोटभर सावलीनंही झोपतं ते.

लिथियमची सवय उलटी. शिसं भरून ठेवायचं, लिथियम अर्धं. ऊन दोघांनाही नको. आणि आउटबोर्डमधून (बोटीच्या मागे लावायच्या इंजिनातून) थेट चार्ज करत असाल तर लिथियमच्या आधी इंजिन आणि बॅटरीच्या मध्ये बसणारा चार्जर घ्या.

गच्चीवरचा खलाशी, नागपूर
मोजलं. पाच सेल १२२० च्या आसपास, चौथा ११००. गेली बिचारी.

चोरही सापडला. पुण्याचा मित्र जाऊन गाडीची बॅटरी लावून बघून आला. पंप ठीक आहे. गाण्याचा डबा आणि त्याचा अ‍ॅम्प्लिफायर थेट बॅटरीवर, बंद असतानाही ९० मिलिअँपिअर. जोडला कोणी? त्यानंच, दिवाळीत. मेन स्विच बंद केला की लावलेली स्टेशनं पुसून जातात म्हणे!

जुनी परत देऊन पुन्हा शिशाचीच घेऊन राहिलो, अर्धे पैसे त्याच्याकडून. चादरीचे मागायची हिंमत झाली नाही.